दुकानापुढचे पिवळे पट्टे

सकाळपासून कामात मन लागत नाही, म्हणून तुम्हालाच विचारते.

आमचं चहा-किराण्याचं दुकान मस्कतपासून लांब, डोंगराकडच्या एका खेड्यात. दुकानापुढे रस्त्यावर पिवळे पट्टे आहेत. तिथे फक्त मालाची गाडी थांबते. सगळं गाव ते पाळतं.

आज बाहेरगावचा एकजण नेमका तिथेच गाडी लावून हॉर्न वाजवायला लागला. हॉर्न वाजला की चहा गाडीपर्यंत नेऊन द्यायची इथली रीत, म्हणून मी नेला. मागे दुधाची गाडी उन्हात उभी.

"भाई, गाडी थोडी आगे लो. ये माल उतारने की जगह है."

"बोर्ड किधर है, आंटी? किसने बोला?"

"बलदियाने," मी ठोकून दिलं. नगरपालिकेचं नाव घेतलं की माणसं ऐकतात.

त्याने गाडी काढली, पण जाताना म्हणाला, "मैं उधर ही जा रहा हूँ. पूछता हूँ."

दूधवाले करीमभाई हसायलाच लागले. "आपा, बलदियाने कब? भाईने मारा था! रंग का डब्बा तो मैंने पकडा था."

खरंय. पट्टे ह्यांनीच मारले. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली.

दुपारी मोबाईलवर नियम शोधून वाचत बसले. शहरातल्या रस्त्यांचे सापडले, आमच्यासारख्या खेड्यासाठी काहीच सापडलं नाही.

बलदियाचं कोणी विचारायला येण्याआधी आपणच तिथे जाऊन रीतसर परवानगी मागावी, असं वाटतं. पण ते "पुसून टाका" म्हणाले, तर पुसावे मलाच लागतील.

तुम्ही गेला असता का?