मातीतली गाणी आणि माझी आई

गाव सोडलं तेव्हा टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता आणि आई फाटकात उभी होती. शीळफाट्याजवळचं आमचं गाव. वडिलांनी शेत बिल्डरला दिलं, मी त्याविरुद्ध पत्रक छापून आमच्याच आळीत वाटलं. मग घरात बोलणंच उरलं नाही. आई एवढंच म्हणाली, "जातंस त जा. पन तुज्या खोलीची पायरी मी चढनार नाय."

नाहीच चढली. मी ठाण्याला वर्तकनगरात भाड्याने राहते, सभा घेते, पत्रकं लिहिते. तिचा फोन यायचा, "जेवलीस?" एवढ्यापुरता. लोकांचे आईबाप व्हिसा काढून अमेरिकेला जातात. माझ्या आईला शीळफाट्यावरून ठाणं लांब!

शेवटी आली ती प्रमिलासाठी. प्रमिला आमच्या शेजारची, आता स्वतःची गाणी लिहून गिटारवर गाते. ठाण्यातल्या एका छोट्या कॅफेत तिचा कार्यक्रम होता. आईने आधीच बजावलेलं, "गानं आयकून तशीच परत जानार."

कॅफेच्या पोस्टरवर 'मातीतली गाणी'. आत पाटी: गाणं चालू असताना शांतता राखा. सूत्रसंचालक आपल्या मुळांबद्दल इतका वेळ बोलला, की कॉफी गार झाली. ज्या गावांची माती डंपर भरभरून गेली, त्यातल्या एकाचंही नाव त्याच्या तोंडून आलं नाही. मी दात आवळून बसलेले.

प्रमिलाने धवल्याच्या चालीवर बांधलेलं गाणं सुरू केलं. धवला म्हणजे आमच्याकडचं लग्नातलं गाणं; ते सांगणारी धवलारीण एक ओळ गाते आणि बसलेल्या बायका ती उचलतात. गप्प बसलात, तर लग्नाला येऊन रुसलात असं समजतात. सासरी गेलेली मुलगी माहेरी येते आणि टॉवरांमध्ये तिला शेताचा बांध सापडत नाही, असं ते गाणं. प्रमिलाची पहिली ओळ संपली आणि आईने ती उचलली. खड्या आवाजात, मांडवात उचलतात तशी.

माना वळल्या. कोणीतरी "श्श्!" केलं. सूत्रसंचालक वाकत वाकत आला. "आंटी, प्लीज. आर्टिस्टला डिस्टर्ब होतंय."

पोस्टरवर माती चालते, खुर्चीत बसून गायला लागली की डिस्टर्ब! मी उभी राहिले. भाषण तयारच होतं. आईने कुर्ता धरून मला खाली खेचलं.

"बस! जिथं तिथं तुजा मोर्चा. पोरीचं गानं चाललंय ना?"

अख्खा कॅफे हसला. प्रमिलाने गिटार थांबवली.

"काकी, गप का झाली? धवला एकटीनं म्हनतात का?"

"त्यो नको बोलला."

"त्याचं लगीन हाय का?"

आता सूत्रसंचालकही हसला, बिचारा. गाणं पुन्हा सुरू झालं, आईने ओळ उचलली आणि मला कोपर मारलं. "घोषना देतंस तवा बरं तोंड उघरतं!" मग मीही उचलली. बेसूर, पण उचलली.

बाहेर आल्यावर मी तिच्यासाठी रिक्षाला हात केला. आई म्हणाली, "थांब. तुजी खोली कंच्या बाजूला?"

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं सामान उचलून निघालेल्यांनो, आमचा समेट झाला असं समजू नका. जमिनीचा विषय तिने काढला नाही, मी माझ्या पत्रकातला एक शब्द मागे घेतलेला नाही. खोलीत शिरल्यापासून तिची कटकट सुरू: खिडकीला पडदा नाही, डाळीत किडे, हा तांदूळ कोन खातं? सकाळी गेली ती सगळे डबे इकडचे तिकडे करून. वैतागून फोन केला, "आई, मीठ कुठे ठेवलंस?"

"तुजंच घर ना?" ती म्हणाली. "शोध."