मण्यांचं पीठ

बोलण्यात मला अजून कुणी हरवलेलं नाही. गोदावरीच्या पुरात वाहून गेलेली आमची म्हैस पैठणहून एसटीनं परत आली, हेसुद्धा मी लोकांच्या गळी उतरवलंय. पण ही एक गोष्ट — बायकोला नाही, दारूतही नाही — कधीच तोंडातून निघाली नाही.

ऐंशी सालच्या आसपास मी सातपूरच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. तिथं एक नवी पद्धत चालली होती. खसखशीएवढे पॉलिमरचे मणी घ्यायचे, त्यांवर औषधाचा रेणू तुकड्या-तुकड्यानं वाढवायचा. दर वेळी मणी गाळून धुवायचे — कचरा वाहून जातो, रेणू मण्याला धरून राहतो. शेवटी तो सोडवून घ्यायचा. मणी मात्र हलक्या हातानं हलवायचे. घोटले की चुरा.

हे काम सुनंदाचं. मनमाडच्या रेल्वे कामगाराची मुलगी, घरातली पहिली एम.एस्सी., नोकरी तात्पुरती. रेणू हाती आला की कायम करू, असा साहेबांचा शब्द होता. सगळा पावसाळा तिनं ते भांडं तान्ह्या पोरासारखं जोजवलं.

एका दुपारी तिला गाडी गाठायची होती. "दादा, तासभर हलवाल? हातानंच हं."

हलवलं का मी? छे! टपरीवर माझे श्रोते खोळंबले होते ना! भांड्यात चुंबकाची कांडी टाकली, ती गरगर फिरवणारं खालचं यंत्र सुरू केलं आणि गेलो गप्पा हाणायला. परत येतो तर मण्यांचं पीठ. कांडी काढली, धुतली, जागेवर ठेवली.

सकाळी गाळणी तुंबली. मणी गेले, रेणूही गेला. साहेबांनी विचारलं, हे झालं कसं. खरं सांगायला असे किती शब्द लागले असते? मी मात्र रंगात आलो. "साहेब, बाईंनी काचकांडीनं असं घोटलं, असं घोटलं — मी म्हटलं, अहो, पुरणपोळ्या करायच्यात का?"

सगळे हसले. साहेबसुद्धा. "मी नाही हो घोटलं," असं ती म्हणाली बहुतेक. ऐकू कुणाला येणार?

तिला कामावरून कमी केलं. आणि मी? मी तो पुरणपोळीचा किस्सा पुढं कितीतरी लग्नांच्या पंगतीत सांगितला. दर वेळी हशा.

जायच्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली. "दादा, निघायच्या घाईत एकदा काचकांडी फिरवली होती मी. तेवढ्यानं झालं असेल का हो?"

मी म्हटलं, "असेल गं. घाईत होतं असं."

तिला पटलं.