एकशेवीसपर्यंतचा काटा

डॉक्टरांच्या दारावर पाटी होती, ‘लठ्ठपणावर खात्रीशीर उपचार’. आत वजनकाटा होता तो एकशेवीस किलोपर्यंतचा. मी चढले आणि काट्यानं आकडे दाखवायचेच सोडून दिले. म्हणजे ज्यांच्यासाठी दुकान मांडलं, त्यांनाच मोजायची सोय नाही!

डॉक्टर हसले. दार उघडंच होतं, बाहेर बाकावर दहा-बारा माणसं. “मॅडम, असं करा, मोंढ्यात जा. तिथं धान्याची पोती मोजायचा काटा असतो. नेमकं वजन कळल्याशिवाय औषध द्यायचं की ऑपरेशन, मला ठरवता येणार नाही.” कंपाउंडर फिसकन हसला. मी पदर सावरत बाहेर आले आणि जालना रोडवर उभं राहून मनातल्या मनात दोघांच्या सात पिढ्या उद्धरल्या.

मला उपचार हवे होते. गुडघे सुजायचे. मी शिक्षिका, माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर धापा टाकत थांबावं लागायचं. त्याआधीच्या दोन वर्षांत चार डॉक्टर झाले. चौघांनी मला हातही न लावता एकच सांगितलं, तोंडावर ताबा ठेवा. जणू मी दिवसभर पेढ्यांचं पातेलं पुढ्यात घेऊनच बसलेली असते! रक्त तपासलं नाही, झोप कशी लागते ते विचारलं नाही. आईला आणि मावशीला हाच त्रास होता हे सांगायला लागले, की घड्याळाकडं बघायचे.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि जाधववाडीच्या मोंढ्यात गेले. जीव मुठीत धरून गेले, कारण माझं माहेर वैजापूरचं. मापाडी काय करतो ते लहानपणापासून ठाऊक. माल काट्यावर चढला की तो खड्या आवाजात वजन पुकारतो. शेतकरी, अडत्या, हमाल, सगळ्यांच्या कानावर गेलं पाहिजे, त्यातच त्याचं इमान. माझंही वजन असंच भर मोंढ्यात पुकारलं जाणार, या विचारानं रिक्षातच घाम फुटला होता.

मक्याच्या थप्पीपाशी एक म्हातारे मापाडी बसले होते. पांढरी दाढी, कानावर पेन्सिल. म्हटलं, “चाचा, माझं वजन करायचंय. डॉक्टरांनी पाठवलंय.”

ते हसले नाहीत. हमालांकडं वळून म्हणाले, “जाव रे, चाय पी के आव सब.” मग फडक्यानं काटा पुसला, शून्य मला दाखवलं. मी चढले. “बरकत,” ते पुटपुटले. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत. आमच्या वैजापूरला ‘लाभ’ म्हणायचे. चष्मा वर करून त्यांनी आकडा बघितला आणि विचारलं, “पर्स का कडता काटूं क्या?” पोत्याचं वजन मालातून वजा करतात, तो कडता. कितीतरी दिवसांनी मला हसू फुटलं. त्यांनी चिठ्ठीवर आकडा लिहिला, घडी घातली आणि हातात दिली.

“चाचा, पुकारलं नाही तुम्ही?”

“पुकारते सो माल का, बेटी. आदमी का नक्को.”

तो आकडा मी इथंही लिहिणार नाही.

संध्याकाळी चिठ्ठी घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी ती उलगडली आणि दार सताड उघडं असताना खणखणीत आवाजात वाचली. वर “बाप रे!” मग खणातून छापील कागद काढला. सकाळी ओट्स, दुपारी सूप, रात्री सूप. अरे, नेमकं वजन कशाला मागितलं होतं मग? औषध की ऑपरेशन, ते ठरवणार होतात ना? “असले चार कागद घरी आहेत,” म्हणून मी तो टेबलावर टाकला आणि बाहेर पडले.

बाकावरच्या एका बाईनं माझा पदर धरला. माझ्याच अंगलटीची. हळूच म्हणाली, “ताई, त्यो काटा कुठं हाय? मला बी तिकडंच जा म्हणले व्हते. लाज वाटली, गेले नाय. पिशोरहून दोनदा आले, दोनदा तशीच माघारी.”

तोवरचा राग माझ्यापुरता होता. आता डोकंच फिरलं. तिच्या हाताला धरून आत शिरले. कंपाउंडर नंबर विचारत आडवा आला, त्याला बाजूला केलं आणि दार आतून लावून घेतलं.

“मॅडम, चिडून वजन कमी होत नाही,” डॉक्टर म्हणाले.

“लाजवूनही होत नाही. होत असतं तर आम्ही दोघी आत्तापर्यंत काडी झालो असतो. आम्ही आजारी आहोत. आजारी माणसाला विचारतात ते विचारा. आधी ह्या बाईंना.”

त्यांनी पेन उचललं, खाली ठेवलं. बंद दाराकडं बघितलं. मग आवाज उतरवून त्या बाईंना विचारलं, “काय काय त्रास होतो तुम्हाला?”

बाईंनी डॉक्टरांकडं बघितलंच नाही. माझा हात घट्ट धरून मलाच विचारलं, “समदं सांगू, ताई?”