पाठमोरी खुर्ची

कान तपासायला आलेल्या साहेबांचा अंगठा मशीनच्या बटणावर दबला की मी हात वर करायचे. आश्रमशाळेच्या पडवीत टेबल मांडलं होतं, माझ्या कानांवर काळ्या वाट्या चढवल्या होत्या. आवाज आला की हात वर करायचा, एवढं माझ्या वर्गातल्या कमळीनं खुणेनं सांगितलं होतं. आवाज कसला नि काय. माझा डावा कान तीन पावसाळे वाहत होता आणि उजव्यात नुसती घरघर. पण अंगठा दिसत होता. दबला, हात वर. दबला, हात वर. साहेबांनी मान डोलावली आणि कागदावर लिहिलं.

मग आमचे सर पुढे आले.

"बघा. चांगलं ऐकू येतं हिला. नुसतं ढोंग. तुमच्या लोकांना कानाखाली दिल्याशिवाय ऐकू येत नाही."

आणि दिली. डाव्या कानावर. रांगेतली पोरं हसली. कमळी हसली. सगळे हसले म्हणून मीही हसले.

सरांचे ते शब्द मी कानांनी ऐकले नाहीत, त्यांच्या ओठांवरून उचलले. म्हणूनच असेल, त्यातला एकही अजून विसरले नाही.

तुम्ही विचाराल, ऐकू येत नव्हतं तर हात वर कशाला केलास? तुम्ही आमच्या हजेरीला उभे राहिला नाहीत, म्हणून विचारता. नाव पुकारलं आणि हात वर नाही आला, तर सगळ्यांचं जेवण होईपर्यंत रिकामं ताट घेऊन उभं राहायचं. माझ्या आधी कमळीचं नाव. तिचा हात खाली आला की माझा वर. पाढ्यांच्या आधी मला हे आलं. हात वर करणं म्हणजे ऐकणं, असं मला कधी वाटलंच नाही. हात वर करणं म्हणजे मार न खाणं.

कागदावर 'ऐकू येतं' लागलं ते लागलंच. पुढे कान दुखतो म्हटलं की सर त्या कागदाचं नाव काढायचे. सातवीत शाळा सुटली, साखरशेतला लग्न झालं. तोवर डावा कान मेला होता. उजव्यात थोडी धुगधुगी आहे, तिच्यावर संसार केला. पहिली दोन वर्षं नवऱ्याला वाटायचं, बायको गर्विष्ठ आहे.

मग माझ्या मुलीचा, रोशनीचा, कान फुटला. भाताची लावणी चालली होती. सकाळी गोधडीवर पिवळा डाग, आणि तो वास. कान गेला तरी नाक शाबूत आहे, तो वास मी लगेच ओळखला. सासू म्हणाली, "कानच हाय ना, पाय तर नाय मोडला." लसूण टाकून तेल तापवलं आणि ओतलं. डाग वाढला. आरोग्य केंद्रातून थेंब आणले. संपले म्हणून परत गेले, तर तिथेही संपले होते.

भात पिवळं पडलं तेव्हाची गोष्ट. मी बांधावर होते, रोशनी खाली रस्त्यानं चालली होती. मागून मोखाड्याची जीप आली, हॉर्न मारत. तो हॉर्न मला बांधावर ऐकू आला. मला. आणि पोर वळली नाही. जीप तिच्या पाठीला टेकायची बाकी राहिली. ड्रायव्हर खाली उतरून ओरडायला लागला, तेव्हा ती वळली आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. घाबरली नव्हती. नीट लक्ष देऊन बघत होती, त्याच्या ओठांकडे. ती नजर माझी होती.

आणि मी काय केलं? शहाणपण केलं. दिवाळीनंतर आम्ही वीटभट्टीवर जाणार, पोर निवासी शाळेत राहणार. तिला मार बसू नये म्हणून चुलीपुढे बसवून माझी विद्या दिली. "फुडच्या पोरीचा हात बघ. तिचा खाली, तुझा वर." पोर हुशार. दोन दिवसांत शिकली. मला तिचं कौतुक वाटलं, हे सांगायची आज लाज वाटते.

यंदा जव्हारला कान तपासायचं शिबिर आम्ही निघायच्या आधी लागलं. एरवी लागतं ते आम्ही भट्टीवर गेल्यावर, आणि मग लिहितात, लोक येत नाहीत. रोशनीला घेऊन रांगेत उभी राहिले. तपासणारा शहरातला तरुण होता. टेबल तसंच, काळ्या वाट्या तशाच. रोशनी त्याच्यासमोर बसली.

अंगठा दबला. रोशनीचा हात वर.

दबला. वर.

ती माझ्यासारखीच बसली होती, मान जराशी पुढे, डोळे त्याच्या बोटांवर. त्यानं पेन उचललं. पुढे काय लिहिलं जाणार, मला माहीत होतं.

"सायेब, पोरीला पाठ करून बसवा. ती तुमचा अंगठा बघते."

"तुला कळतं का यातलं? बाहेर बस."

"मला यातलंच कळतं," मी म्हणाले. रोशनीसकट खुर्ची उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. "आता दाबा."

त्यानं दाबलं. रोशनीचा हात मांडीवर. परत दाबलं. हात मांडीवरच. तिची बोटं वळवळत होती. कधी वर करायचा ते सांगायला समोर भिंत होती नुसती. शेवटी न राहवून तिनं हात वर केला, तेव्हा त्याचा अंगठा बटणावर नव्हताच.

त्यानं लिहिलेलं खोडलं आणि तोंडातल्या तोंडात काही बोलला. मी उजवा कान त्याच्यापुढे केला.

"मोठ्यानं बोला. मलाबी ऐकू येत नाय."

इतक्या वर्षांत चारचौघांत पहिल्यांदा म्हणाले. रांग बघत होती. कुणी हसलं नाही.

"ठाण्याला न्यावं लागेल," तो मोठ्यानं म्हणाला. "मोठं मशीन इथे नाही. उशीर झालाय."

टेबलावर आधीच्या पोरांच्या कागदांचा गठ्ठा होता. त्यातली किती अंगठा बघत होती? त्याला माहीत नव्हतं. मलाही नाही. तो खुर्ची फिरवायला उठला. मी खुर्चीची पाठ धरून ठेवली आणि मागच्या बाईच्या पोराला तशीच बसवली, भिंतीकडे तोंड करून.

भट्टीची गाडी सोमवारी येईल. ती माझ्याशिवाय जाईल. मी ठाण्याला जाणार. परत पाठवलं तर परत जाणार. आणि पुढच्या शिबिराला, त्या गठ्ठ्यातली पोरं घेऊन, त्याच टेबलापुढे उभी राहणार.

घरी आल्यावर रोशनीला समोर बसवलं. तिचा हात सवयीनं उचलला गेला. मी तो धरला आणि मांडीवर दाबून ठेवला.

"आवाज नाय आला तर हात खाली. मारलं तरी खाली."