खेचरांच्या चाऱ्याला बहुमत

माझा या जगात एकच शत्रू आहे. तो पासष्टीचा आहे, त्याचे गुडघे दुखतात आणि तो दर रविवारी माझ्यासाठी गरम मद्दूरवडे घेऊन येतो.

गोपाळराव त्यांचं नाव. माझ्या भावजींचे थोरले भाऊ. भावजींचं घराणं मूळचं मराठी, पण कितीतरी पिढ्यांपासून चामराजपेटेतलं. त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. माझी भाची चिन्नी तर मोठ्या काकांना काका म्हणतच नाही, 'दोड्डप्पा' म्हणते. मी 'अण्णा' म्हणतो. (मनात काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

मी करमाळ्याचा. डिप्लोमा करून बोम्मसंद्र्याच्या एका फॅक्टरीत लागलो आणि जे. पी. नगरात ताईच्या घरी राहायला आलो. आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून चिन्नीच्या आयुष्यात मी म्हणजे मी! दर रविवारी सोफ्यावर लढाई. स्टीलच्या वाट्या आपटून घोडे, उशी बडवून तोफा आणि तोंडाने बाकी सगळं सैन्य. मला कुठलाही आवाज काढता येतो. घोडा, हत्ती, रणगाडा, जखमी सरदार, सरदाराची बायको... आमच्या करमाळ्याच्या शाळेत इतिहासाचे सर असंच शिकवायचे. टेबलावर डस्टर हाणत किल्ला घ्यायचे. सनावळ्या कुणाला आल्या नाहीत, पण खडूच्या धुरळ्यात लढाई मात्र दिसायची. इतिहास म्हणजे आवाज, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून फिट बसलेलं.

मग अण्णा मुलाकडून हुबळीहून कायमचे परत आले. आणि अण्णा खरेखुरे सैन्यात होते. वायरलेसवर.

मी तासभर घसा फोडून खिंड लढवायचो. मग चिन्नी विचारायची, "दोड्डप्पा, तुम्ही खरी बॉर्डर बघितलीय?"

अण्णा वडा चावत म्हणायचे, "हो."

बस्स. एवढंच. पण त्या एका 'हो'नंतर पोरगी त्यांच्याकडे अशी बघायची, की माझे दोन्ही घोडे वाट्यांसकट गार! वर त्यांच्या हनुवटीवर एक खूण. कशाची ते सांगत नाहीत. खुणा काय, मलाही आहे, अपेंडिक्सची, पण ती काय हॉलमध्ये बसून दाखवता येते?

त्यात शाळेची चिठ्ठी आली. लायब्ररीत युद्धांच्या इतिहासाचं नवीन कपाट करायचंय, पाचवी-सहावीच्या मुलांसाठी. पुस्तकं निवडायला घरातलं एखादं मोठं माणूस हवं, लढायांची माहिती असलेलं.

"चिन्नी, कुणाचं नाव देणार गं?" मी सहज विचारलं. (सहज म्हणजे, तोंड पुसून, केस नीट करून.)

"दोड्डप्पा!"

"का गं? मी?"

"मामा, तुला माहिती नाहीये. तुला फक्त आवाज येतात."

ताई पोळी लाटता लाटता इतकी हसली की पोळीचा नकाशा झाला. "अगं, त्याला पण घे. तोफ ओढायला कुणीतरी लागेलच की!"

मी त्या रात्री भात दुसऱ्यांदा घेतला नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. सकाळी शाळेत मीच फोन लावला. लायब्ररीच्या सुमंगला मॅडमना सांगितलं, "मॅम, मैं चिन्मयी का मामा. मिलिटरी हिस्ट्री में बहुत इंटरेस्टेड." मॅडम भल्या बाई. म्हणाल्या, "सरी सरी, वेलकम. टू पीपल इज बेटर."

शनिवारी आम्ही दोघे शाळेत. अण्णा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, ताठ. मी पण ताठ, पण माझा ताठपणा खांद्यापर्यंतच पोचतो. टेबलावर दुकानातून आलेला नमुन्याच्या पुस्तकांचा खोका. मॅडमनी शाळेची पद्धत सांगितली. मोठ्या माणसांनी पुस्तकं निवडायची, प्रत्येकातलं एक पान वर्गात वाचून दाखवायचं आणि मुलांनी हात वर करायचे. जास्त हात, ते पुस्तक कपाटात. मुलांचं कपाट, मुलांचं मत.

हे ऐकलं आणि माझ्या अंगात वारं शिरलं. वाचून दाखवायचं? मुलांना? मला?

"मंदारा, तू आधी घे रे बा," अण्णा म्हणाले.

मी घेतली की! मुखपृष्ठावर रणगाडा, घेतलं. मोठा रणगाडा, घेतलं. विमानातून बॉम्ब पडतोय, डोळे मिटून घेतलं. आत काय आहे ते बघायचं कशाला? मसाला डोसा काय उलगडून विकत घेतात?

अण्णांचं मात्र भलतंच. एकेक पुस्तक मधूनच उघडायचं, चष्मा कपाळावर चढवायचा, पान वाचायचं, ठेवायचं. शेवटी दोन-तीन बारकुडी, फिक्या रंगाची पुस्तकं बाजूला काढली. एकावर तर नुसती एक शेळी.

"अण्णा, शेळी? युद्धाच्या कपाटात?"

"कोण जिंकलं ते मुलांना कुणीपण सांगेल रे. मुलं विचारतात, तेव्हा शाळा होती का, जेवायला काय होतं. ह्यात आहे ते."

मला तर हसूच आलं. शेळी घेऊन रणगाड्यासमोर!

वर्गात माझा नंबर पहिला. चिन्नी पहिल्या बाकावर. मी मोठ्या रणगाड्याचं जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडलं, घसा साफ केला आणि वाचलं... डोंगरी भागातल्या लष्करी खेचरांना रोज किती वाळकं गवत द्यावं. खाली तक्ता. पान उलटलं. हरभरा भिजवून द्यावा की कोरडा. आणखी एक उलटलं. खेचराचे दात! पुस्तकभर सैन्याच्या सामानाची व्यवस्था, आणि रणगाडा होता तो फक्त मुखपृष्ठापुरता.

सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय. मागच्या भिंतीला अण्णा टेकलेत. चिन्नीच्या चेहऱ्यावर साफ लिहिलेलं, बघ, म्हटलं नव्हतं?

मग करमाळ्याचे सर माझ्या अंगात आले. मी डस्टर उचललं.

"फ्रेंड्स!" मी ओरडलो. "रात का टाइम! पहाड! बर्फ! और उपर से आता है... खेचर!" आणि जे रेकलो म्हणता! खिडकीतली कबुतरं जयनगरला गेली असतील. मग खेचर बोलायला लागलं. "साब, मैं तोप नहीं उठाऊँगा, पहले चना दो! भिगोया हुआ!" सुभेदार त्याला दम देतोय, खेचर सुभेदाराला लाथ मारतंय, मी दोघांच्या भूमिकेत खुर्चीवर चढलोय, डस्टर फळ्यावर धडाम धडाम! मारामारी झाली समजून पी.टी.चे सर शिट्टी वाजवत धावत आले. मी त्यांनाही शत्रूचं सैन्य म्हणून लढाईत घेतलं!

वर्ग बाकांवर उभा. "कोणाकोणाला हे पुस्तक हवं?" मॅडमनी विचारलं, तर हातांचं जंगल. काहींनी दोन-दोन केले. बाकीची दोन पुस्तकंही मी अशीच पास करून घेतली. त्यातलं एक पदकांच्या फितींच्या रुंदीबद्दल होतं आणि दुसरं तोफेच्या सुट्या भागांबद्दल. त्या स्प्रिंगला मी असा काही आवाज दिला होता म्हणून सांगू!

मग अण्णा. अण्णा वायरलेसवरच वाचत होते. एक वाक्य. थांबा. दुसरं वाक्य. थांबा. आवाज इस्त्री केलेला. मुलं माझ्याकडे बघून हळूच रेकत होती. (मीही एकदा उत्तर दिलं. माणूसच आहे मी.)

शेळीच्या पुस्तकाला तीन-चार हात. त्यातला एक झेंड्याच्या काठीसारखा सरळ. चिन्नीचा!

माझ्या एकाही पुस्तकाला तिने हात केला नव्हता. सगळा वर्ग जिंकला आणि जिच्यासाठी लढलो ती शत्रूच्या गोटात.

"का गं?" मी रिक्षात विचारलं.

"तू एकच पान उघडं ठेवून किती वेळ बोललास. मी पहिल्या बाकावर होते, मामा. तिथे दातांचं चित्र होतं."

पलीकडून अण्णा म्हणाले, "पण खेचर फस्ट क्लास केलास हं. आमच्या पोस्टवर एक होतं, डिट्टो तुझ्यासारखं." शत्रूने कौतुक करावं, याहून मोठा अपमान काय?

पुस्तकं आली. खेचराची मागणी एवढी, की मॅडमनी त्याच्या जास्तीच्या प्रती मागवल्या. मी फॅक्टरीत म्हैसूरपाक वाटला. आणि पुढच्याच आठवड्यात लंच-टाइमला मॅडमचा फोन.

"सर, बिग प्रॉब्लेम."

एका मुलाने पुस्तक घरी नेलं, वाचलं आणि परत आणून दिलं. म्हणे खराब आहे, ह्यात खेचर बोलत नाही. मॅडमनी दुसरी प्रत दिली. तीही खराब! मग मित्राची घेऊन बघितली, तीही! दोघांनी मिळून मॅडमना सांगितलं की दुकानदाराने फसवलंय, सगळा मालच परत पाठवा. एका मुलीच्या आईचा फोन आला की मुलगी रोज झोपताना वडिलांना हरभऱ्याचं पान रेकून वाचायला लावते. वडील बँकेत मॅनेजर आहेत, घसा बसलाय, आणि खालच्या मजल्यावरच्यांनी सोसायटीत तक्रार केलीय की ह्यांनी घरात जनावर ठेवलंय. आणि दुकानदार काही पुस्तकं परत घेईना, कारण सगळ्यांवर शाळेचे शिक्के!

"पुन्हा वाचून दाखवायचं. यू ओन्ली," मॅडम म्हणाल्या. "अँकलने निवडलेलं गोट बुक. नो अ‍ॅक्टिंग, सर. नो डस्टर. ओन्ली रीडिंग. मुलांना कळू दे, बुकमध्ये असतं तेवढंच ऐकायचं."

शेळी? मी? माझ्या शत्रूचं पुस्तक, माझ्या तोंडाने?

पण पर्याय नव्हता. घरी ताईने तंबी दिलेली, "एक जरी आवाज काढलास ना, तर थेट करमाळ्याची बस!" चिन्नी तर माझ्याशी बोलतच नव्हती. वर्गात तिला सगळे 'खेचरकी भांजी' म्हणायला लागले होते. तिचं काय चुकलं होतं?

पुन्हा तोच वर्ग. मी उभा राहिल्याबरोबर मागून दोन पोरं रेकली. माझ्या घशात उत्तर तयार होतं. मी ते गिळलं. अण्णांनी पुस्तक माझ्यासमोर धरलं आणि मॅडमनी माझे दोन्ही हात खिशात घालायला लावले.

मी वाचायला लागलो. साधं. सरहद्दीजवळचं एक गाव. लढाई सुरू झालेली, म्हणून शाळा बटाट्याच्या कोठारात भरते. बाहेर तोफा सुरू झाल्या की बाई मुलांना पाढे म्हणायला लावतात. तोफ जितकी जवळ, तितका पाढा मोठ्याने.

देवाशपथ सांगतो, तिथे तोफ माझ्या जिभेवर आली होती! मी खिशातल्या खिशात मुठी आवळल्या आणि तसाच पुढे वाचत गेलो. रेकणारी पोरं कधी गप्प झाली ते कळलं नाही. तेराचा पाढा चालू असतो आणि बाईंच्या लक्षात येतं, की पाढ्यात एक आवाज कमी आहे. कोपऱ्यातला मुलगा जाग्यावर नाही. त्याची शेळी बाहेर राहिलीय.

पान संपलं. अण्णांनी पुस्तक मिटलं.

"नोऽऽऽ!" वर्ग ओरडला. आणि त्यात सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं असेल? मी! "अण्णा, गेला कुठे तो? सापडतो की नाही?"

"मला काय विचारतोस रे? पुस्तक घे आणि वाच की."

सगळे हात वर. चिन्नीचाही. माझ्या वाचण्याला चिन्नीचा हात! मी धावत तिच्या बाकाशी गेलो. "बघितलंस? आवडलं ना मामाचं वाचणं?"

"हो मामा," ती प्रेमाने म्हणाली, "तू मध्ये नसलास ना, की पुस्तक कित्ती छान ऐकू येतं!"

शाळा सुटली. आम्ही तिघे गेटाबाहेर रिक्षा शोधत होतो, तेवढ्यात चिन्नीच्या मैत्रिणींनी आम्हाला घेरलं. चिन्नीने ओळख करून दिली, अगदी रीतसर, एका हाताने अण्णांना धरून, दुसऱ्या हाताने मला.

"हे माझे दोड्डप्पा. हे आर्मीत होते. आणि हा माझा मामा. हा खेचर होता."

पोरी माझ्याकडे आशेने बघायला लागल्या. चिन्नी बघायला लागली. अण्णासुद्धा चष्मा कपाळावर चढवून, "मंदारा, स्वल्प कर की रे, एकदाच!"

आता मी काय करणार? शाळेच्या गेटात, भर रस्त्यात, रिक्षावाल्यांच्या देखत रेकलो. पोरींनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनीही वाजवल्या, एकेक सुटी, ताठ, कवायतीतल्यासारखी. आणि सगळ्या पोरी मला सोडून त्यांच्याकडे वळल्या, "अंकल, अशी टाळी कशी वाजवायची?"