मास्तर आत आहेत!

धंदा काय, असं कुणी विचारलं तर शिंपीमास्तर म्हणत, "बसतो." कपडे शिवणं हा जोडधंदा, मुख्य काम बसण्याचं.

बंद पडलेल्या हॉटेलात बेघर बिऱ्हाडं घुसली तेव्हाच ठरलं होतं, इमारत कधी रिकामी सोडायची नाही. आत माणूस असला की कोर्टाच्या हुकमाशिवाय पालिकेच्या कार्यालयाला तिला हात लावता येत नसे; रिकामी सापडली की थेट सील. म्हणून बाकीचे कामावर जात आणि मास्तर दाराशीच मशीन मांडून बसत. ती खडखड ऐकली की टेहळणीचा शिपाई जांभई देऊन परत जाई.

कार्यालयानं वीज तोडली. मास्तरांचं मशीन पायाचं, त्याला काय फरक! मग पाणी तोडलं, आणि मास्तर खचले. बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालेलं, ती आज घरी यायची होती. डॉक्टरांनी स्वच्छता ठेवा म्हणून बजावलेलं, आणि घरात जेमतेम अर्धी बादली.

बाकी सगळे सुनावणीला गेले होते. तेवढ्यात पाना घेऊन एकजण दारात आला.

"मास्तर, पाणी जोडायला आलोय. तुमचा कॉक कुठला?"

मास्तरांचे डोळेच भरून आले. "देवासारखे आलात हो! चला, दाखवतो."

गळ्यात टेप, पाय अनवाणी, तसेच ते गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत धावले. खड्ड्याचं झाकण काढलं, हातानं चिखल उपसला. पानेवाला मात्र नुसता उभा. मागे साखळी वाजली. मास्तरांनी वळून पाहिलं, तर दाराला कुलूप आणि हवालदार सील चिकटवतोय.

"अहो, थांबा! मी आत आहे!" मास्तर ओरडले.

"दिसतंय," हवालदार म्हणाला.

"मशीन तरी काढू द्या हो. पाया पडतो."

"तसा हुकूम नाही."

पानेवाला खालमानेनं पुटपुटला, "मलाही पोरंबाळं आहेत, मास्तर," आणि चालता झाला.

थोड्या वेळानं टॅक्सी थांबली. बायको पोटावर हात धरून उतरली.

"अनवाणी काय उभे? दार उघडा आधी, मला उभं राहवत नाहीये."

मास्तर दारापुढून बाजूला झाले. तिनं कुलूप पाहिलं, सील पाहिलं, आणि भिंतीला धरून हळूहळू पायरीवर टेकली.

"घोटभर पाणी तरी आहे का?"

मास्तर कोपऱ्यावर गेले. खड्डा उघडाच होता. कुणाचा पाय जायला नको म्हणून त्यांनी झाकण लावलं, आणि रिकाम्या हातांनी येऊन तिच्याशेजारी बसले.