न गेलेल्या घराची माहिती

ये, अशी जवळ बस. मनातल्या मनातच म्हणतेय, कारण तू येतेस कुठे? बदलापूर काय परदेशात आहे? फोनवर "आत्या, पुढच्या शनिवारी नक्की" म्हणतेस, शनिवार येतो नि जातो, मी आपली मोड आलेले वाल एकटीच सोलत बसते. भाचीला एवढंही बोलू नये का आत्याने? पण तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे, म्हणून फार रागावायचा हक्कही नाही मला. तेव्हा लिहूनच काढते.

विद्यापीठात पीएचडीला तू विषय घेतलास, मुस्लिम समाजातला धर्म आणि राजकारण. तुझ्या आईने कपाळाला हात लावला. "हिला दुसरं काही मिळालंच नाही का हो वन्सं?" मी मात्र खूश. सातवीत शाळा सुटलेली बाई मी, किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकलेली. दर शनिवारी तू इथे बदलापुरात, बेलवलीला माझ्याकडे यायचीस, मध्ये वालाची परात, आणि तुझा वर्ग सुरू. इराणमध्ये काय, तुर्कस्तानात काय, इंडोनेशियात काय. एकदा मी विचारलं, "धर्म एकच, मग राजकारण सगळीकडे निराळं कसं गं?" तू हातातला वाल परातीत टाकलास. म्हणालीस, "आत्या, आमच्या सरांनी पहिल्या दिवशी हाच प्रश्न फळ्यावर लिहिला होता." ते मी आठवडाभर सगळ्या बिल्डिंगला सांगत होते.

मग तुला आपल्या भागातल्या मुस्लिम बायकांवर एक प्रकरण लिहायचं होतं. मत कोणाला द्यायचं हे त्या कशा ठरवतात, मशिदीतलं कितपत ऐकतात, घरात कोणाचं चालतं. तू म्हणालीस, "कंपनीतली तुझी मैत्रीण अंबरनाथलाच राहते ना? तिच्याकडे घेऊन चल मला."

इथे मी गडबडले. अंबरनाथच्या आनंदनगरातल्या औषधांच्या कंपनीत आम्ही दोघी एकोणीस वर्षं समोरासमोर बसून गोळ्यांच्या स्ट्रिपा खोक्यात भरत होतो. ती मूळची कोकणातली, मराठी माझ्याहून ठसक्यात. माझ्या डब्यातलं वालाचं बिरडं हक्काने ओढून घ्यायची. "सासूने केलंय ना? मग दे. तू केलंस की पाणचट होतं," तोंडावर सांगायची. माझे यजमान गेले तेव्हा माझ्या वाटणीची खोकी तिने भरली, सुपरवायझरला कळूही दिलं नाही. पण तिच्या घरी? दर ईदला ती म्हणायची, "या वेळी तरी ये गो." आणि दर ईदला माझ्याकडे पाहुणे यायचे. आधी सासूची भीती होती. सासू गेल्यावरही पाहुणे येतच राहिले.

हे तुला कसं सांगणार होते? म्हटलं, "तिच्याकडे जायला कशाला पाहिजे? मला विचार की. तिच्या घरातलं सगळं माहीत आहे मला."

आणि तू वही उघडलीस.

काय काय सांगितलं मी! नवरा सांगेल त्याला मत. मशिदीतून निरोप आला की अख्खी गल्ली एका बाजूला. बायकांना विचारतंय कोण. कुठून आणलं हे? टीव्हीवरून, जिन्यातल्या गप्पांतून, आणि काही तर बोलता बोलता मीच रचलं. तू भराभर लिहीत होतीस आणि मला वाटत होतं, मी विद्यापीठात बोलतेय. "ते काही मला माहीत नाही बाई," एवढं एक वाक्य तोंडातून निघालं नाही.

ते प्रकरण वाचून तुझ्या सरांनी एकच विचारलं, "या बाई त्या घरी कितीदा गेल्यात?" तू मला विचारलं नाहीस. कंपनीतल्या एका जुन्या बाईकडून पत्ता काढलास आणि परस्पर अंबरनाथला जाऊन आलीस. त्यानंतर इकडे आलीस तो शेवटचा शनिवार.

वाल सोलता सोलता सांगितलंस. तिचं मत एकीकडे, नवऱ्याचं दुसरीकडे, आणि मतदानाला दोघं एकाच रिक्षाने जातात, भांडत. गल्लीत नळ आणला त्याला तिने दोनदा मत दिलं, तिसऱ्यांदा तुंबलेलं गटार दाखवून दारातूनच परत पाठवलं. गुरुवारी दुपारी बायका कुराण वाचायला जमतात; वाचन आटोपलं की तिथेच रेशनवरून आणि नगरसेवकावरून जुंपते. मशिदीच्या कमिटीत तर दोन सख्खे भाऊ एकमेकांविरुद्ध उभे होते.

"ती म्हणाली, नमाजाचं काही अडलं तर इमामसाहेबांना विचारते. मत द्यायला त्यांना कशाला त्रास?"

"आणि माझं काय म्हणाली?"

"विचारत होती, बिरडं अजून पाणचटच करतेस का."

मी हसले. तू हसली नाहीस. मग तू ते पातेल्याचं सांगितलंस. तिने फळीवरून काढून दाखवलेलं, स्टीलचं, वर दुकानाचं स्टिकर तसंच. माझ्यासाठी घेतलेलं. ईदला आले तर माझ्या मनात शंका नको, म्हणून त्यात मटण कधी शिजवलंच नाही. मटण काय, काहीच शिजवलं नाही.

मग वही काढून माझ्या पानांवर एकेक करून आडवी रेघ मारलीस. अकरा पानं. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. फक्त म्हणालीस, "माहीत नाही म्हणाली असतीस तरी चाललं असतं गं." सहा महिन्यांचं काम गेलं तुझं. तू मला देशोदेशीचं समजावत होतीस, मी मान डोलवत होते, आणि टेबलापलीकडची बाई मला ठाऊक नव्हती. ते मला रोज टोचतं.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस की या महिन्याच्या शेवटी ती मुलाकडे पनवेलला राहायला जाणार, इथलं घर बंद. तेव्हापासून चैन नाही. तू दिलेला नंबर दोनदा लावला, रिंग वाजायच्या आत ठेवून दिला. काय म्हणू? पाहुणे गेले आता?

एकटीने जाऊन ते दार वाजवायची माझी हिंमत नाही. तू या शनिवारी ये. वाल आजच भिजत घातलेत. बिरडं आपण दोघी करू, रस्सा किती ठेवायचा ते तू बघ. डबा घेऊन अंबरनाथला जाऊ, आणि गरम तिच्या त्या पातेल्यात करू, तिने ठेवलं असेल तर. वही आणायची तर आण. तिथे मी तोंड उघडणार नाही, तिचं तिलाच बोलू दे. पण ये गं. पुढचा शनिवार नको म्हणूस, हाच.